जखम, जस्त आणि जेवण: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापणीत लागलेला विळा, खडपावर पायात घुसलेला कालवाचा शिंपला, सीझरचे टाके, मधुमेहात तळपायाला पडलेला व्रण, अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या माकडहाडावरची जखम. कारणं निरनिराळी, पण घरच्यांचा प्रश्न एकच असतो: खायला काय द्यायचं? हल्ली त्याला आणखी एक जोडून येतो: झिंकची गोळी सुरू करू का? खालची उत्तरं सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. किडनी, लिव्हर किंवा मधुमेहाचा आजार असेल तर आहारात मोठा बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

जखम भरून यायला जस्त नेमकं काय करतं?

झिंक म्हणजेच जस्त. मोठ्या माणसाच्या शरीरात ते जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतं. त्यातलं बहुतेक स्नायूंत आणि हाडांत, थोडं कातडीत. पण तीनशेहून अधिक एन्झाइम्सना काम करायला ते लागतं.

जखम झाली की आधी रक्त गोठतं. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. त्यानंतर नवीन पेशी तयार होतात, त्यांच्यात कोलॅजेनचे (कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) धागे विणले जातात, वरून कातडी सरकत येते आणि पुढे कित्येक महिने तो व्रण आतून घट्ट होत राहतो. जस्त यातल्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर हजर असतं. नवीन पेशी होताना डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमना ते लागतं, जुनं खराब कोलॅजेन तोडून जागा मोकळी करणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात ते बसलेलं असतं, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही त्याच्याशिवाय ढिल्या पडतात. त्यामुळे शरीरात जस्त खरोखर कमी असेल तर जखम रेंगाळते, याबद्दल वाद नाही.

वाद पुढच्या प्रश्नावर आहे.

मग झिंकची गोळी घेतली तर जखम लवकर भरेल ना?

शरीरात जस्त कमी असेल तर फायदा होण्याची शक्यता आहे. पुरेसं असेल तर वरून आणखी घेतल्याने जखम झपाट्याने भरते, असं दिसलेलं नाही.

या गोळीची ख्याती १९६७ सालापासूनची. त्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वॉल्टर पोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन हवाई दलातल्या तरुणांवरचा अभ्यास छापला. माकडहाडाजवळच्या नाडीव्रणाचं (कातडीखाली पू साठणाऱ्या पोकळीचं) ऑपरेशन झालेल्या या मुलांपैकी काहींना दिवसातून तीनदा २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट दिलं, आणि त्यांच्या जखमा इतरांपेक्षा बऱ्याच लवकर भरल्या. बातमी पसरली आणि डॉक्टर जखमेला झिंक लिहून देऊ लागले. पुढे मात्र इतरांनी वेगवेगळ्या जखमांवर हेच करून पाहिलं तेव्हा तसा फरक दिसेना. पायावरच्या जुनाट व्रणांसाठी झालेल्या छोट्या-छोट्या चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी एकत्र तपासल्या, तेव्हाही सरसकट फायद्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणून माझं मत सांगते. चिरे आले नसतील तर गवंडी दारात बसवून भिंत उभी राहत नाही. जस्त हा गवंडी. चिरे म्हणजे प्रथिनं आणि उष्मांक. आपल्याकडच्या जखमी माणसाच्या ताटात बहुतेक वेळा चिरेच कमी पडलेले असतात, आणि घरचे मात्र गवंडी शोधत मेडिकलमध्ये उभे असतात. ताट सुधारलं की जस्त बऱ्याच अंशी त्याच्याबरोबरच येतं, कारण ज्या पदार्थांत चांगली प्रथिनं त्यातल्या बऱ्याच पदार्थांत जस्तही असतं.

शरीरात जस्त कमी आहे हे कसं ओळखायचं? रक्त तपासून घेऊ का?

नुसत्या रक्ताच्या आकड्यावर विसंबू नका. जंतुसंसर्ग किंवा मोठी जखम असताना शरीर रक्तातलं जस्त लिव्हरकडे ओढून घेतं. म्हणजे एरवी जस्त पुरेसं असलेल्या माणसाचा रिपोर्टही त्या दिवसांत कमी येऊ शकतो.

त्यापेक्षा माणसाकडे बघा. तोंडाची चव गेलीय, केस गळतायत, तोंडाभोवती किंवा गुप्तांगाजवळ लालसर चट्टे आलेत, जुलाब हटत नाहीत, वरचेवर सर्दी-ताप येतोय, आणि जखम आठवडे उलटले तरी तशीच आहे, असं सगळं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना जस्ताबद्दल मुद्दाम विचारा. काही लोकांना कमतरतेचा धोका जास्त असतो: दीर्घकाळ जुलाब होणारे, आतड्याचा भाग काढलेले, रोज दारू पिणारे, लिव्हर सिरॉसिस असलेले, मोठ्या भागावर भाजलेले, थायझाइड जातीची लघवीची गोळी वर्षानुवर्षं घेणारे, आणि म्हातारपणी एकट्याने दोन घास खाऊन राहणारे.

रोज किती जस्त लागतं? आणि आपल्या जेवणात ते आहे कुठे?

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम, बाईला १३.२ मिलिग्रॅम. अमेरिकेत हेच आकडे ११ आणि ८ आहेत. आपले जास्त का? तर आपलं पोट मुख्यतः धान्य-कडधान्यावर भरतं आणि त्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही.

माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे कळलं तेही या फायटेटमुळेच. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमध्ये शिराझला गेले. तिथे त्यांनी विशीतले असे तरुण पाहिले जे दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढे होते. त्यांचा आहार म्हणजे न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि वर माती खायची सवय. त्यातून सुरू झालेल्या कामाने जस्ताची कमतरता जगापुढे आणली.

आता आपलं ताट. जस्ताच्या बाबतीत कालवांची बरोबरी दुसरा कुठलाच पदार्थ करू शकत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओहोटीला खडपावर बसून कोयत्याच्या टोकाने कालवं काढणाऱ्या बायका जे टोपलीत भरून आणतात, ते जगातलं सगळ्यात जस्तसमृद्ध अन्न आहे. त्याखालोखाल कुर्ल्या आणि मटण. तिसऱ्या-शिवल्यांत जस्त मध्यम, पण लोह आणि बी-१२ भरपूर. बांगडा, तारली, मोरी, सुरमई यांत जस्त फारसं नाही, शंभर ग्रॅममागे साधारण एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. पण प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास, तीही सहज पचणारी. एका अंड्यात जस्त अर्धा मिलिग्रॅम आणि थोडं जास्त, प्रथिनं सहा ग्रॅम. काजूत शंभर ग्रॅमला पाच-साडेपाच मिलिग्रॅम, तिळात त्याहून अधिक. कडधान्यांत तीनच्या आसपास, पण फायटेटमुळे सगळं अंगी लागत नाही.

कालवं नीट शिजवूनच खा. लिव्हरचा आजार किंवा मधुमेह असेल तर कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं तोंडाला लावू नका. कोमट समुद्राच्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जंतू अशा माणसाला दोन दिवसांत मरणाच्या दारात नेऊ शकतात.

ऑपरेशन झाल्यापासून वडिलांना पेजच देतोय. आणखी किती दिवस द्यायची?

डॉक्टरांनी पातळ आहार सांगितला असेल तेवढेच दिवस. बहुतेक ऑपरेशनांनंतर ते दोन-चार दिवसच असतात. नंतरही महिनाभर पेज चालू राहते ती डॉक्टरांनी सांगितलेली नसते. घरातल्या कुणालाच ती थांबवायचं धाडस होत नाही, म्हणून ती चालू असते.

पेज वाईट नाही. उकड्या तांदळाची गरम पेज, त्यात मिठाचा खडा आणि कडेला लोणच्याची फोड, तापाने तोंड कडू झालेल्या माणसाला दुसरं काय गोड लागणार? पण हिशेब मांडून बघा. तिन्ही वेळची पेज मिळून दीडशे ग्रॅम तांदूळ गेला असं धरलं तरी त्यातून प्रथिनं मिळतात दहा-बारा ग्रॅम आणि उष्मांक पाचशेच्या थोडे वर. साठ किलोच्या निरोगी माणसाला रोज पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. मोठी जखम किंवा बेडसोर (पडून राहिल्याने होणारी जखम) असेल तर दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे ७५ ते ९० ग्रॅम, आणि उष्मांक दर किलोमागे ३० ते ३५, म्हणजे १८०० ते २१००. पेजेवर असलेला माणूस प्रथिनांच्या बाबतीत गरजेच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर जगतोय. शरीर ती तूट स्वतःच्या मांड्या-दंडाचे स्नायू वितळवून भरून काढतं. म्हणून टाके काढायला नेलेले वडील 'एकदम उतरले' दिसतात.

७५ ग्रॅम ऐकून घाबरायला होतं, पण ते घरच्याच जेवणात बसतात. सकाळी पेजेत मूठभर मूगडाळ शिजवून घातली आणि सोबत दोन उकडलेली अंडी दिली की सोळा-अठरा ग्रॅम झाले. अकराच्या सुमाराला पेलाभर दूध, सहा-सात. दुपारी भात, वाटीभर आमटी आणि दोन मध्यम बांगडे, तीसच्या वर. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, सात. रात्री दोन भाकऱ्या आणि कुळथाची पिठी, बारा-तेरा. कुणाला विचारलं तर म्हणेल, हे तर आपलं रोजचंच जेवण. तेच तर. आजारपणात आपण नेमकं हेच बंद करतो.

भूक नसेल तर ताट भरून पुढे ठेवू नका, दर दोन-अडीच तासांनी थोडंथोडं द्या. दात नसतील तर मासा कुसकरून, काटे बोटांनी चाचपून. आमटीच्या वरवरच्या पाण्यात काही नसतं. खालची दाट डाळ वाढा.

किडनीचा आजार असलेल्या माणसाला हे आकडे लागू करू नका. त्याची प्रथिनं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील.

'भात खाल्ल्यार पू होता' असं गावात सांगतात. मासे, अंडी, वांगं, आंबटही बंद करायला सांगतात. खरं आहे का?

नाही. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि कुजलेला ऊतक. तो जखमेत जंतू शिरल्याने होतो, भाताने, डाळीने, मासळीने होत नाही. ही समजूत पक्की का झाली याचा अंदाज करता येतो: भात रोजच खाल्ला जातो, त्यामुळे जखम चिघळली की आदल्या दिवशी भात खाल्लेला असतोच.

पथ्य सांगणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, ती बहुधा आपलीच काकी किंवा आते असते आणि तिला आपली काळजीच असते. पण ताट बघून पथ्याचा परिणाम समजून घ्या. मासे बंद, अंडी बंद, डाळ वातूळ म्हणून बंद, दही थंड म्हणून बंद. उरलं काय? पेज आणि भाजलेला पापड. ज्या-ज्या वस्तूंनी जखम भरते, त्या सगळ्या या यादीने पुसून टाकल्या.

अपवाद एकच. कोळंबी, कुर्ल्या, शिवल्या किंवा अंडं खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, धाप लागते असं आधी झालं असेल तर ती ॲलर्जी आहे. तो पदार्थ कायमचा टाळा, जखम असो वा नसो. आणि सुकटीच्या बाबतीत थोडं सांभाळून. सुका बांगडा, सोडे, जवळा यांत प्रथिनं दाटलेली असतात, पण मीठही तसंच. रक्तदाब असेल तर गरम पाण्यात भिजवून, ते पाणी दोनदा टाकून मग वापरा.

आम्ही शाकाहारी आहोत. मग आम्हाला गोळीशिवाय पर्याय नाही का?

आहे की. फक्त फायटेटला थोडं चकवावं लागतं, आणि ती युक्ती आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. कडधान्याला मोड आणले की त्यातलं फायटेट कमी होतं. पीठ आंबवलं तरी होतं. म्हणजे मोडाच्या मुगाची उसळ, वालाचं बिरडं, रात्रभर आंबवलेल्या पिठाची आंबोळी, हे सगळं जस्ताच्या दृष्टीने साध्या वरण-भातापेक्षा वरचढ. घावणं मात्र लगेच भिजवून काढतो, त्यात तो फायदा नाही. चवीला तक्रार नाही.

ओल्या काजूची उसळ मार्च-एप्रिलमध्ये होतेच. एरवी सुक्या काजूचे दहा-पंधरा दाणे, तिळाची चटणी, भोपळ्याच्या बिया भाजून. दूध, दही, पनीर यांतलं जस्त बेताचंच असलं तरी चांगलं शोषलं जातं, आणि प्रथिनं मिळतात ती वेगळीच. नारळ आपण सगळ्यात घालतो, त्याने उष्मांक वाढतात आणि किरकोळ अंगाच्या माणसाला ते हवेही असतात, पण प्रथिनांचा भार नारळावर टाकू नका.

पूर्ण शाकाहारी आणि साठीच्या पुढचं कुणी असेल तर बी-१२ तपासून घ्या. हातापायाला मुंग्या येत असतील तर नक्कीच. तळपाय बधिर असला की ठेच लागलेली कळत नाही.

पावसाळ्यात मासे नाहीत, श्रावण पाळायचा, आणि जखमा तर तेव्हाच जास्त होतात. काय करायचं?

हा प्रश्न फार नेमका आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, भाज्या महाग होतात, आणि त्याच दिवसांत माणसं दिवस-दिवस चिखलात उभं राहून लावणी करतात. पाय पाण्याने पांढरे पडून फुगतात, बोटांच्या बेचक्या फुटतात, बांधावरचा काटा, काच, चिऱ्याची कपची लागते.

खाण्याचं आधी. कुळीथ, चवळी, मूग मे महिन्यातच भरून ठेवा. सोडे-सुकट असतेच. अंडी बाराही महिने मिळतात. शेवग्याचा पाला, टाकळा, भारंगी, फोडशी परसात आणि माळावर फुकट उगवतात. श्रावण पाळणाऱ्यांनी जखम भरेपर्यंत दूध, दही, उसळी दुप्पट कराव्यात. जखम मोठी असेल तर एकवेळचा उपास सोडून द्यावा असं मी स्पष्ट सांगते. देवाला चालतं.

आता जखमेचं. भेगाळलेल्या किंवा कापलेल्या पायाने शेतात उतरलात तर उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू आत शिरू शकतात. जखम झाकून गमबूट घाला, घरी आल्यावर साबणाने पाय धुवा. ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांत असह्य दुखणं एकत्र आलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

इथे जस्ताचा एक धडा आहे जो फारसा कुणी सांगत नाही. लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली जाते. ती आणि झिंकची, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर दोन्ही पोटात एकमेकींना चिकटतात आणि अँटिबायोटिक नीट शोषलंच जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचंही तसंच. अँटिबायोटिक आधी घ्या, झिंक किंवा लोह किमान दोन ते तीन तासांनी. आधी झिंक घेऊन झालं असेल तर अँटिबायोटिकसाठी चार ते सहा तास थांबा. आरोग्यसेविकेला आपण आधीपासून काय-काय गोळ्या घेतोय ते सांगायला लाजू नका.

विटामिन सी साठी रोज संत्रं द्यावं का? इथे ते महाग पडतं.

संत्र्याची गरजच नाही. कोलॅजेनचे धागे घट्ट गुंफायला विटामिन सी लागतं, ते नसेल तर धागा होतो पण पीळ बसत नाही. पूर्वी लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांना स्कर्व्ही झाली की वर्षांपूर्वी भरलेल्या जुन्या जखमासुद्धा पुन्हा उघडायच्या. रोजची गरज मात्र थोडी आहे, पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम.

काजूच्या बोंडूत संत्र्याच्या कितीतरी पट विटामिन सी असतं आणि आपण ते बागेत कुजू देतो. ताजा बोंडू, नाहीतर त्याचा रस, घसा खवखवू नये म्हणून चिमूटभर मीठ घालून. मोसम संपला की एक पेरू, एक आवळा किंवा शेवटी जेवणावर पिळलेलं लिंबू. शिजवताना पिळलेल्या लिंबाचं विटामिन उष्णतेने बरंच जातं, म्हणून ताटात बसल्यावर पिळा. आंबट खाल्ल्याने जखम चिघळत नाही, याचं उत्तर वर दिलंच आहे.

मधुमेह आहे. प्रथिनं वाढवली, जस्तही बघतोय, तरी तळपायाची जखम भरत नाही.

मग ताटाकडून नजर पायाकडे आणि साखरेकडे वळवा. साखर चढलेली असताना पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, पायाचा रक्तपुरवठा आखडलेला असतो, आणि बधिर पायाने माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालत राहतो. जांभ्याच्या अंगणात अनवाणी वावरायची सवय इथे घात करते. जखमेवरचा भार काढल्याशिवाय कुठलंही अन्न आणि कुठलीही गोळी पुरी पडत नाही. पायाची नाडी तपासून घ्या.

जेवणात भाताचं प्रमाण कमी करून त्या जागी मासा, अंडी, उसळ आणा. उपाशी मात्र राहू नका. साखर कमी दिसावी म्हणून जेवण तोडणाऱ्या लोकांची जखम आणखी रेंगाळते. हापूस खायचाच असेल तर एखादी फोड, तीही त्या वेळच्या भातातून वजा करून.

तंबाखू, मिश्री सोडायलाच हवी का?

हो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत रक्त पोचत नाही. 'मी बिडी ओढत नाही, फक्त मिश्री लावते' हे उत्तर बायकांकडून येतं, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

सीझर झालंय. बाळंतिणीला नेहमीचं खाणं चालेल का?

चालेल, आणि त्यातलं बरंचसं चांगलंच आहे. अळिवाची खीर लोह देते, डिंकाच्या लाडवात खोबरं, तूप, सुका मेवा असल्याने उष्मांक मिळतात, कुळथाची पिठी तर हवीच. खटकतं ते दोन बाबतींत. एक, पाणी कमी प्यायला लावणं. टाके ओले राहतात या भीतीने बाई तहानलेली राहते, मग बद्धकोष्ठ होतो, कुंथावं लागतं आणि टाक्यांवरच ताण येतो. दुसरं, सव्वा महिना मासळी आणि हिरवी भाजी बंद. तिला स्वतःची जखमही भरायचीय आणि बाळाला दूधही पाजायचंय, दोन्हीला प्रथिनं आणि जस्त लागतं. लोहाची गोळी चालूच ठेवा; चहाच्या घोटाबरोबर मात्र नको, चहा लोह अडवतो.

आई गावी अंथरुणाला खिळलीय, पाठीला जखम झालीय. मी मुंबईहून झिंक आणि प्रोटीन पावडर पाठवली तर?

पाठवा, पण आधी फोनवर विचारा की आईला कुशीवर कोण वळवतं आणि किती वेळाने. बेडसोर एकाच जागी सतत दाब पडल्याने होतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, ओलं कापड लगेच काढणं, हवेची गादी, हे पहिलं. चांगली हवेची गादी पाठवलीत तर ती पावडरीच्या चार डब्यांपेक्षा उपयोगी पडेल.

पावडर हवी ती आई पुरेसं खाऊ शकत नसेल तर. दुधात मिसळून दोन जेवणांच्या मध्ये द्यायची, जेवणाऐवजी नाही. महिन्यातून एकदा वजन करता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर बांगड्या सैल झाल्या का एवढं शेजारच्या वहिनींना बघायला सांगा. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे पन्नास किलोचे साडेसत्तेचाळीस झाले, तर डॉक्टरांना कळवायला हवं.

झिंकचं मलम जखमेत भरलं तर?

झिंक ऑक्साइडचं मलम जखमेच्या कडेची कातडी ओलीने सडू नये म्हणून छान आहे, लहान बाळाच्या लंगोटाच्या पुरळालाही. खोल, पू असलेल्या जखमेत ते थापायचं नाही. चुना, तंबाखू, माती, टूथपेस्ट यांतलंही काही नको. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुणं हा अजूनही पहिला उपचार.

जस्त जास्त झालं तर काय होतं?

मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम, अन्न आणि गोळ्या मिळून. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटच्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्ष जस्त सुमारे ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एकाच कॅप्सूलने मर्यादा ओलांडली जाते. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी ती मुद्दाम देतात, ते ठीक. पण कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने चालू ठेवली तर जस्त तांब्याला शोषू देत नाही. तांबं घटलं की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी कमी होतात, पुढे हातापायाच्या नसाही बिघडतात. पांढऱ्या पेशी घटल्यावर जखमेचं काय होणार ते सांगायला नको. आणि मल्टिविटामिन, 'ताकदीची' कॅप्सूल, बी-कॉम्प्लेक्स या तिन्हीतही झिंक असू शकतं. पाकिटामागचे आकडे बेरीज करून बघा. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ होते, जेवणानंतर घ्या.

जाता जाता, कोकमाचं आगळ किंवा सरबत जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत साठवू नका. आंबटाने जस्त विरघळतं आणि पिणाऱ्यांना तासाभरात उलट्या सुरू होतात. काचेची किंवा चिनी मातीची बरणीच बरी.

माशाचा काटा लागला किंवा खडपावर पाय कापला तर खाण्याचं बघू की आधी दवाखाना?

आधी जखम. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. या विषाचा जोर उष्णतेने उतरतो. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणीतरी हात घालून ठरवावं, कारण दुखणाऱ्या माणसाला भाजलेलं कळत नाही. काटा आत मोडला असेल, किंवा छातीत, पोटात, मानेत घुसला असेल तर ओढून काढायच्या भानगडीत न पडता दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून सांगा.

समुद्रात झालेल्या जखमेची लाली काही तासांत पसरत चालली, जांभळे-काळे फोड आले, दुखणं जखमेच्या आकाराच्या मानाने फारच वाढलं, ताप भरला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच निघा. लिव्हरचा आजार, दारूचं व्यसन किंवा मधुमेह असलेल्याने तर असली साधी वाटणारी जखमही पहिल्याच दिवशी दाखवावी. एरवीही दोन आठवडे उलटून जखम लहान होताना दिसत नसेल, तिला घाण वास येत असेल किंवा खालून हाड दिसत असेल, तर आहाराचा प्रश्न घेऊन नको, जखम घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथे जाताना सध्या काय खाता ते एका कागदावर लिहून न्या. तीन दिवसांचं खाणं, पेज, लोणचं, गोळ्या सगळं धरून.